खोटें सोनें हातीं आल्यावर

संचयासाठीं सोनें घेणाऱ्या मनुष्यापुढें दोन प्रश्न असतात. हातांत आलेलें सोनें खरें कशावरून, हा पहिला. आणि तें खोटें ठरल्यास पुढें काय करावें, हा दुसरा. पहिल्याचा विचार सराफांनीं व शास्त्रज्ञांनीं पुष्कळ केला आहे. दुसरा ज्याचा त्यालाच एकांतांत सोडवावा लागतो. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

परीक्षेचीं साधनें दिवसेंदिवस सूक्ष्म होत आहेत, परंतु लबाडीही त्यांच्या बरोबरीनें शहाणी होत आहे. कसोटीवर ओढलेली रेघ व तिच्यावर टाकलेलें तेजाब हीं वरच्या थराचीच साक्ष देतात. पाण्यांत तोलून पाहिल्यास आंतलें तांबें किंवा पितळ तेव्हांच उघडें पडतें. पण शुद्ध सोनें पाण्याच्या १९.३ पट जड, तर टंगस्टन १९.२५ पट. त्यामुळें आंत टंगस्टन व वर सोन्याचा जाड थर अशी लगड तराजूसही फसविते. क्ष-किरणांचें यंत्रही पृष्ठभागाच्या फारसें आंत पाहत नाहीं. ध्वनिलहरी मात्र टंगस्टनमधून सोन्यापेक्षां पुष्कळ वेगानें जातात, म्हणून त्या आंतलें बिंग फोडतात. आणि लगड कापली म्हणजे तर संशयास जागाच उरत नाहीं. आपल्या देशांत १६ जून २०२१ पासून दागिन्यांवरील हॉलमार्क टप्प्याटप्प्यानें सक्तीचा होऊं लागला, त्यामुळें सामान्य गृहस्थाची काळजी बरीच हलकी झाली. तरी खासगी व्यवहारांत लगड घेणाऱ्यास परीक्षा चुकत नाहीं.

समजा, परीक्षा केली आणि लगड खोटी निघाली. मग काय? प्रश्न नवा नाहीं. ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें सिसेरोनें कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत तो आला आहे. नकळत खोटें नाणें घेतलेल्या शहाण्या पुरुषानें, तें कळल्यावर, ऋण फेडतांना तें खरें म्हणून द्यावें काय? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, द्यावें. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, देऊं नये. आणि सिसेरो शिष्याचा पक्ष घेतो.

गुरूचा पक्ष हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. मुलीच्या लग्नासाठीं किंवा आजारपणासाठीं पै-पैसा सांठवून ज्यानें लगड घेतली, त्याचा अपराध कोणता? नाणें त्यानें पाडलें नाहीं. जसें आलें तसेंच तो पुढें देणार. मग सगळें नुकसान त्या एकट्यानेंच कां सोसावें?

यास आमचें उत्तर असें. खोटें करणारा एकच असतो, पण त्याचें खोटें चालतें तें अनेक सभ्य हातांच्या आधारानें. न कळतां ज्यानें तें पुढें दिलें, तो फसविला गेला. कळून ज्यानें दिलें, तो फसविणाऱ्याचा भागीदार झाला. लगड तीच, देणाराही तोच. मध्यें फक्त ज्ञान आलें, आणि ज्ञानाबरोबर जबाबदारी आली. त्यानें मुकाट्यानें नुकसान सोसावें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. त्यानें पावती घेऊन विक्रेत्यास गांठावें, फिर्याद करावी, टंगस्टन हें टंगस्टन म्हणून विकावें. इतकें करूनही जें नुकसान उरेल, तें शेजाऱ्याच्या गळ्यांत बांधण्याचा अधिकार त्यास पोंचत नाहीं.

त्याच ग्रंथांत उलट बाजूचाही प्रश्न आहे : पितळ समजून कोणी सोनें विकीत असेल, तर सज्जनानें तें सोनें आहे असें सांगावें कीं पितळेच्या भावानें घ्यावें? आमच्या मतें खरी परीक्षा ही. खोट्याविरुद्ध ओरड करणारे पुष्कळ असतात, कारण त्यांत आपला तोटा असतो. एखादी विधवा जुनी पाटली मुलाम्याची समजून मोडीस काढते, तेव्हां ती सोन्याची आहे हें ज्याच्या मुखांतून निघतें, त्याला सत्याची चाड आहे असें समजावें. एरवीं त्याची चाड केवळ आपल्या पैशाची. पारख करण्याची विद्या दोघांसही सारखीच साधते. तिचा उपयोग कोणासाठीं करावयाचा, हें कोणतेंही यंत्र सांगत नाहीं. तें प्रत्येकानें आपल्याशींच ठरवावयाचें असतें.