दगडाची साक्ष

२२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात मोठा आवाज होऊन आकाशातून दगड पडले. अशी बातमी आली की आपल्या मनात प्रश्न येतो: त्या अफाट आकाशात आणखी कुठे जीव असेल का? आणि हा दगड त्याची साक्ष देईल का?

काटोलचा दगड याबाबतीत मुकाच. तो फार पूर्वी अवकाशातच तापून निघालेला. पण काही अशनी काळे, कार्बनयुक्त असतात. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे असाच अशनी पडला. त्यात सत्तरहून अधिक प्रकारची अमिनो आम्ले सापडली. आपल्या शरीरातील प्रथिने अमिनो आम्लांचीच बनलेली असतात. मग जीव सापडला असे म्हणायचे का?

शास्त्रज्ञांनी आधी स्वतःच्या हातांवर संशय घेतला. कारण माणसाच्या बोटाच्या ठशातही अमिनो आम्ले असतात. आपल्या कबनूर-इचलकरंजीत मागावरच्या कापडाला डाग दिसला, तर तो सुतातच होता की आपल्या तेलकट हाताचा, हे आधी पाहावे लागते. तसेच हे. अमिनो आम्लांची डावी आणि उजवी अशी दोन रूपे असतात. सजीवांच्या प्रथिनांत डावे रूप वापरले जाते. मर्चिसनमध्ये बहुतेक आम्लांची दोन्ही रूपे जवळपास सारखी होती. म्हणजे ती अवकाशातूनच आली, पण जीवाने घडवलेली नव्हेत.

२०२३ साली बेन्नू या लघुग्रहावरून सुमारे १२१ ग्रॅम माती-खडे बंद डब्यातून पृथ्वीवर आणले गेले. त्यांची घनता मोजण्याचे खास उपकरण व्हॅटिकन वेधशाळेतील येशूसंघीय ब्रदर रॉबर्ट मॅकी यांनी बनवले. २०२५ साली निष्कर्ष जाहीर झाले: सजीवांच्या प्रथिनांतील २० पैकी १४ अमिनो आम्ले तेथे आहेत, पण दोन्ही रूपे सारखीच. घराचे सामान मिळाले. घर मात्र मिळाले नाही.

याउलट एक गोष्ट. १८६४ साली फ्रान्समधील ऑर्गेई येथे पडलेल्या अशनीच्या एका तुकड्यात शंभर वर्षांनी वनस्पतीचे बी दिसले. तपासल्यावर कळले की कोणीतरी ते बी व कोळसा आत घालून वरून डिंक लावला होता. दगड खोटे बोलला नव्हता. त्याच्या तोंडी खोटे घातले गेले होते.

बंधू-भगिनींनो, आठवी आज्ञा आपल्याला खोट्या साक्षीपासून दूर राहायला सांगते. आपण मुद्दाम खोटे बोलत नाही, असे आपण म्हणतो. पण शेजाऱ्याविषयी ऐकलेली गोष्ट पुढे सांगताना तिच्यावर आपला राग, आपला हेवा यांचे ठसे किती उमटतात? आपल्याला हवे ते दिसले की आपण तपासणे थांबवतो. त्यात कोणाच्या मुलीचे लग्न मोडते, कोणाची भाऊबंदकी पेटते.

दूरच्या आकाशात जीव सापडला तरी परमेश्वर लहान होणार नाही, आणि न सापडला तर त्याची बाजू बळकट होणार नाही. म्हणून या संशोधनाला आपण घाबरू नये. सप्टेंबर २०२५ पासून गोवा प्रांताचे येशूसंघीय फादर रिचर्ड डिसोझा व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक आहेत, याचा आपल्याला आनंद आहे. त्या प्रयोगशाळांतली एक सवय मात्र आपण घरी आणू या: दुसऱ्याविषयी तोंड उघडण्यापूर्वी आपले हात तपासू या.