'देवमाणूस' आणि आम्ही

31 ऑगस्ट 2020 रोजी झी मराठीवर 'देवमाणूस' सुरू झाली आणि बोईसर-तारापूरच्या कित्येक घरांत रात्रीची जेवणे लवकर आटोपू लागली. गावाने देव मानलेला तोतया डॉक्टर एकामागून एक खून करतो. कथानक 2016 साली वाई परिसरात उजेडात आलेल्या हत्याकांडावर बेतलेले. किरण गायकवाड यांच्या अभिनयाचे कौतुक झाले. सरू आजीच्या म्हणींवर तर आम्ही मनमुराद हसलो. तपास लांबतो, खलनायकच नायक होऊन बसतो, अशी कुरकुरही झाली. पण डिसेंबर 2021 मध्ये दुसरे पर्व आले, तेव्हा कुरकुरणारे आम्हीच पुन्हा पडद्यापुढे होतो.

गुन्ह्याची कथा पाहणे हेच पाप, असे आम्ही म्हणणार नाही. आम्हांस सलते ते निराळेच. पोलीस दाराशी आले की आमचा श्वास अडके, तो कोणासाठी? मेलेल्या बाईसाठी खचित नव्हे. तो निसटावा, उद्याचा भाग रंगावा, यासाठी!

त्याच वर्षी 16 एप्रिलला आमच्या पालघर जिल्ह्यात, गडचिंचले येथे, जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांना ठार मारले. त्याची चित्रफीत हातोहात फिरली, तेव्हा आम्ही तोंड फिरवले होते. साडेचार महिन्यांनी मालिकेपुढून मात्र आम्ही जागचे हललो नाही. पडद्यावरचे रक्त खोटे असते, हे उत्तर खरेच आहे. पण वाईकडच्या त्या घरांतली माणसे खरोखरच गेली होती. तिथे कोणी ही मालिका पाहत असेल का, हे आम्ही एकमेकांना एकदाही विचारले नाही.