हंपीचा रिता गाभारा

दक्षिणयात्रेला निघालेली आपली मंडळी हल्ली हंपीस हटकून उतरतात. तुंगभद्रेच्या काठचे विजय विठ्ठल मंदिर पाहून परतलेल्यांना आम्ही विचारतो, "काय पाहिलंत हो?" उत्तर एकच येते, "दगडी रथ!"

रथ पाहण्याजोगा आहे, यात शंका नाही. ग्रॅनाइटचे चिरे असे बसविले आहेत की सांधा शोधावा लागतो. पन्नास रुपयांच्या नोटेवरही तो छापला आहे. पण तो नुसता रथ नव्हे, ते गरुडाचे देऊळ आहे. गरुड म्हटला की समोर देव आलाच. तो देव कोठे आहे, हे विचारणारा शंभरात एखादाच भेटतो.

गाभारा रिकामा आहे.

पंधराव्या शतकात हे देऊळ उभे राहिले. कृष्णदेवरायाने (राज्यकाल १५०९ ते १५२९) ते वाढविले, त्याच्या राण्यांनी गोपुरे बांधविली. १५६५ च्या लढाईनंतर सारे नगर लुटले गेले. आपली परंपरा सांगते की राजाने पंढरीची मूर्ती येथे आणली आणि पैठणच्या भानुदास महाराजांनी, म्हणजे नाथमहाराजांच्या पणजोबांनी, ती परत नेली. महिपतीबुवांनी भक्तविजयात ही कथा गायिली आहे. इतिहासकार यावर वाद घालतात, घालोत बापडे.

राजाला मात्र कोणी नावे ठेवू नयेत. असे देऊळ प्रेमावाचून उभे राहत नाही. फरक एवढाच, की राजाला देव आपल्या नगरात हवा होता आणि भानुदासांना तो वाळवंटात जमणाऱ्या सगळ्यांसाठी हवा होता. आता आपल्याकडे पाहा. गावोगाव जीर्णोद्धार चालले आहेत. संगमरवर बसतो, देणगीदारांच्या पाट्या लागतात, आणि पहाटे काकड्याला चार टाळकरी मिळत नाहीत! मग हंपीचा गाभारा रिकामा आणि आपला भरलेला, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

मंडपातील खांबांतून स्वर निघतात, म्हणून लोकांनी ते ठोकून ठोकून जायबंदी केले. आता तेथे बंदी आहे, ती योग्यच. वारकऱ्याच्या गळ्यात टाळ आहे की!

तेव्हा हंपीस जरूर जावे. रथाआधी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी दोन घटका मुकाट उभे राहावे. मग नदीकाठी पुरंदरदासांचा मंडप आहे, तिकडे वळावे. या कानडी संताने आपल्या पदांना 'पुरंदर विठ्ठल' हीच मुद्रा लाविली. देवळाच्या गाभाऱ्यात आज मूर्ती नाही, पण दासांची पदे कर्नाटकात घरोघर अजून गायिली जातात. त्या मंडपात बसून हरिपाठ म्हणावा. पावसाळ्यात धरणाचे पाणी सोडले म्हणजे मंडप बुडतो, म्हणून आधी चौकशी करून निघावे.