संशयाला उत्तर कोणी द्यायचं?

(भाऊ-बहीण, दोघंही प्रोग्रामर. विषय पायथॉनच्या कोडाच्या रिफॅक्टरिंगचा, म्हणजे वागणूक तीच ठेवून रचना बदलण्याचा. ‘रोप’ ही त्यासाठीची लायब्ररी.)

धाकटी : दादा, आमच्या प्रोग्राममधूनच ‘रोप’ लायब्ररी चालवायची आहे. एका क्लासातल्या ‘सेव्ह’ मेथडचं नाव ‘स्टोअर’ करायचं. प्रोजेक्ट उघडायचं, रिनेमला फाइल आणि नावाची जागा द्यायची, बदल मागवायचे, लागू करायचे. झालं.

दादा : मग अडलं कुठे?

धाकटी : ‘अनशुअर’पाशी. पायथॉनमध्ये व्हेरिएबलचा टाइप लिहावाच लागत नाही. ‘सेव्ह’ ज्या ऑब्जेक्टवर बोलावलंय तो कुठल्या क्लासचा, हे रोपला कोड वाचून ताडावं लागतं. जिथे ताडता येत नाही, तिथे ती आपण दिलेल्या फंक्शनला विचारते, हे तेच नाव धरू का? मी काय परत करू, ट्रू की फॉल्स?

दादा : फंक्शन दिलंच नाहीस तर?

धाकटी : रोप अशा जागा सोडून देते.

दादा : उत्तम की. खात्री नाही तिथे हात लावू नये.

धाकटी : हात लावला नाही असं कसं म्हणतोस? क्लासमधलं नाव तर मी बदललंय. ऑब्जेक्ट त्याच क्लासचा निघाला, तर ती न बदललेली ओळ ॲट्रिब्यूट एरर देणार. आणि ट्रू दिल्यावर तो भलत्याच क्लासचा निघाला, तरी तेच. दोन्हीकडे ती ओळ चालेपर्यंत कुणाला पत्ता नाही.

दादा : मग माणसाला विचार. लागू करण्याआधी डिफ मिळतो ना?

धाकटी : मिळतो. पण शेकडो ओळींचा डिफ कोण मनापासून वाचतं? एडिटरमध्ये नाव बदलणारा त्या कोडात मुरलेला असतो. आमचा प्रोग्राम रात्री सर्व्हरवर चालणार, आणि सकाळी कुणीतरी नुसतं ‘मंजूर’ दाबणार.

दादा : अनडू आहे.

धाकटी : त्याने फाइली मागे येतात. तोवर ग्राहकाकडे पोचलेला कोड नाही येत.

दादा : विल्यम ओपडाइकने 1992 च्या प्रबंधात रिफॅक्टरिंगला पूर्वअटी घातल्या होत्या. अट पुरी होत नसेल, तर बदल करायचाच नाही. तू एकेका जागेचा निवाडा करत बसलीयस, प्रश्न अख्ख्या बदलाचा आहे.

धाकटी : म्हणजे फंक्शनने फक्त जागा टिपायच्या, आणि यादीत एक जरी जागा आली तर बदल लागू करणारं ‘डू’ बोलवायचंच नाही?

दादा : हो. पण ‘सेव्ह’सारख्या सरसकट वापरातल्या नावाला तुझा प्रोग्राम अडूनच बसेल. साहेब विचारतील, मग हे आणलं कशाला?

धाकटी : विचारू देत. बाकीची नावं आपोआप बदलतील. ‘सेव्ह’ची यादी ज्याने कोड लिहिला त्याच्याकडे जाईल, ‘मंजूर’ दाबणाऱ्याकडे नाही.

दादा : आणि यादी रिकामी आली की निर्धास्त?

धाकटी : छे! ‘गेटॲटर’ला स्ट्रिंगमधून दिलेलं नाव त्या यादीत येतच नाही. ते टेस्टच पकडणार. ज्या भागाला टेस्ट नाहीत, तिथे हा प्रोग्राम मी चालवू देणार नाही.