कृपादानांची मुदत

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी सडक टेंभुर्णीस आली म्हणजे तिला एक फाटा फुटतो आणि तो पंढरपूरकडे वळतो. त्या फाट्याजवळ राहणाऱ्याला पंढरीच्या वाटेने जाणारी माणसे जन्मभर पाहावयास मिळतात. आणि ज्याने ती लक्षपूर्वक पाहिली आहेत त्याला हे ठाऊक असते की, ज्ञानोबांनी भिंत चालविली आणि तुकोबांचे अभंग इंद्रायणीने तारले या कथांवर त्यांची निष्ठा कितीही दृढ असली, तरी ती भिंत पुन्हा चालावी म्हणून कोणी वारीला निघत नाही. वारकरी भेटीला जातो. याच सडकेने उलट, पुण्याच्या दिशेने गेले म्हणजे दौंड तालुक्यातील केडगाव जवळ येते, आणि तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. ख्रिस्ती धर्मातील एका जुन्या वादाविषयी माझे जे मत बनले आहे, ते या दोन दिशांकडे पाहत बनलेले आहे.

वाद असा आहे. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पवित्र आत्म्याच्या कृपादानांची यादी दिली आहे: ज्ञानाचे वचन, विश्वास, रोग बरे करण्याची शक्ती, अद्भुत कृत्ये, संदेश देणे, आत्मे ओळखणे, अन्य भाषांतून बोलणे आणि त्या भाषांचा अर्थ सांगणे. ही दाने प्रेषितांबरोबरच संपली, की आजही दिली जातात? ती संपली असे मानणारांचा युक्तिवाद आपल्या जुन्या कारभाराच्या परिभाषेत सांगता येईल. नव्या अंमलदाराने गावी येताच आपली सनद दाखवावी, ती खरी ठरून दप्तरी नोंदली गेली म्हणजे ती रोज चावडीवर वाचून दाखविण्याचे प्रयोजन उरत नाही. तद्वत् चमत्कार ही प्रेषितांची सनद होती, आणि नवा करार लिहून पुरा झाल्यावर तिची मुदत सरली. प्रिन्स्टनचे धर्मपंडित बेंजामिन वॉरफील्ड यांनी १९१८ साली या मताचे सविस्तर मंडन केले. भाषा बंद पडतील असे पौलानेच म्हटले आहे, हाही त्या पक्षाचा एक आधार. परंतु पौलाने ती समाप्ती पूर्णत्वाच्या आगमनाशी, परमेश्वराला समोरासमोर पाहण्याच्या घडीशी जोडली आहे. आणि ती घडी आली असे म्हणण्याचे धाडस कोणत्याच पक्षाला करता येणार नाही.

या प्रश्नावर मत बदलण्याचे धैर्य ज्याने दाखविले, तो संत ऑगस्टीन मला विशेष आदरणीय वाटतो. आरंभी त्याने असे लिहिले होते की, लोकांची मने दृश्य गोष्टींतच गुंतून राहू नयेत म्हणून चमत्कार पुढच्या काळापर्यंत चालू ठेवले गेले नाहीत. पुढे हिप्पो येथे धर्माध्यक्ष झाल्यावर बऱ्या झालेल्या लोकांच्या जबान्या त्याने लिहवून घेतल्या, त्या भर सभेत वाचून घेतल्या, आणि दोन वर्षांच्या आत अशा सुमारे सत्तर कैफियती जमल्याची नोंद त्याने आपल्या 'ईश्वराचे नगर' या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात केली. सिद्धान्तापुढे पुराव्याला त्याने गप्प बसविले नाही. आणि पुराव्याची लेखी नोंद होऊन तो चारचौघांपुढे यावा, असा आग्रहही त्याने धरला.

आता केडगावकडे वळू. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईबापांना गमावलेल्या रमाबाईंनी १८९६ पासूनच्या दुष्काळांत अनाथ झालेल्या शेकडो मुली व विधवा तेथे आणल्या होत्या. १९०५ च्या आरंभी त्यांनी प्रार्थनेसाठी मुलींचे गट सुरू केले. त्याच वर्षीच्या २९ जूनच्या पहाटे निजण्याच्या दालनात एक मुलगी आपल्यावर अग्नी उतरल्याच्या जाणिवेने जागी झाली. शेजारी निजलेल्या दुसरीला ती ज्वाळांनी वेढलेली दिसली, तेव्हा ही दुसरी धावत जाऊन बादलीभर पाणी घेऊन आली, आणि ते ओतणार तोच तिच्या ध्यानात आले की, मुलगी जळत नाही. रमाबाईंच्या सहकारी, अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. त्यानंतर सदनात पश्चात्तापाचा, अश्रूंचा आणि प्रार्थनेचा पूर लोटला. १९०६ च्या अखेरीस मुली अन्य भाषांतून बोलू लागल्याचीही नोंद झाली. अब्राम्सबाईंनी लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिली देशातील वाल्पाराइसो येथे त्यांच्या एका जुन्या सहाध्यायिनीच्या हाती पडली, आणि १९०९ साली तिकडे जी आत्मिक जागृती झाली तिच्या कारणांत या केडगावच्या वार्तेची गणना होते. भीमेच्या खोऱ्यातील दुष्काळग्रस्त मुलींची प्रार्थना अर्ध्या पृथ्वीपलीकडे ऐकली गेली!

परंतु माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट याच्या पुढची आहे. अन्य भाषांची खूण प्रत्येक भक्ताला मिळालीच पाहिजे, असा आग्रह रमाबाईंनी धरला नाही. आणि ज्या घरात हे अगम्य शब्द उमटत होते त्याच घरात त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक यांचे व्याकरण समोर ठेवून, अल्पशिक्षित बायाबापड्यांनाही समजेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवीत होत्या. वर्षानुवर्षे चाललेले हे काम त्यांनी १९२२ साली, मृत्यूच्या उंबरठ्यावर, तडीस नेले; सदनातल्याच स्त्रियांनी आपल्या छापखान्यात त्याचे खिळे जुळविले, आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. न कळणाऱ्या असंख्य शब्दांहून कळणारे मोजके शब्द मंडळीला अधिक उपकारक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाराने गप्प बसावे, असे पौल बजावतो. केडगावच्या अन्य भाषांचा अर्थ सांगणारे दान कोणते असे मला विचाराल, तर मी त्या बायबलाकडे बोट दाखवीन.

म्हणून कृपादानांची मुदत संपली असे मी मानीत नाही. पण ते वंशपरंपरेने चालणारे वतन आहे, असेही मानीत नाही. ती ठेव आहे, आणि ज्यांच्यासाठी ती दिली त्यांच्यापर्यंत ती पोहोचली की नाही याचा हिशेब धन्याला द्यावयाचा आहे. आजाऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करणे हा मंडळीचा धर्मच आहे. परंतु त्याच तोंडाने 'औषध सोड, नाहीतर तुझा विश्वास खोटा' असे सांगणारा मनुष्य परमेश्वराच्या दयेला अटी घालतो, आणि रोगी दगावला की दोष रोग्याच्याच विश्वासावर ढकलतो. हे पाप आहे, आणि ते पाप म्हणूनच सांगितले पाहिजे. १८९४ पासून मिरजेच्या मिशन इस्पितळात ज्या असंख्य शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतही रोगनिवारणाचे दान मला दिसते. ते चमत्काराहून कमी प्रतीचे आहे असे मानण्याचे कारण नाही.

आपल्या परंपरेनेही हा विवेक जाणला आहे. पतंजलीने सिद्धी नाकारल्या नाहीत. समाधीच्या मार्गातील उपसर्ग म्हणून त्यांची नोंद केली. पौलाने दानांच्या यादीनंतर लगेच प्रीतीचे प्रकरण लिहिले, आणि तिच्यावाचून ही सारी दाने व्यर्थ ठरविली. दोघांच्या भूमी भिन्न आहेत, साध्येही भिन्न आहेत. तरी वाटेत जे दिसते ते मुक्काम नव्हे, ही जाण दोन्हीकडे आहे.

त्या जून महिन्याच्या पहाटेची गोष्ट सांगताना लोक अग्नीविषयी बोलतात. माझे मन मात्र पाणी आणणाऱ्या त्या अनामिक मुलीपाशी घोटाळते. तिने ज्वाळांना नमस्कार केला नाही, की त्या खोट्या म्हणून कूस बदलून ती निजलीही नाही. शेजारीण जळते आहे असे वाटताच ती धावली, आणि जवळ येऊन नीट पाहिल्यावर तिने हात आवरला. पौलाच्या यादीत आत्मे ओळखण्याचेही एक दान आहे. त्या रात्री दालनात दाने दोन उतरली होती, आणि दुसरे त्या बादलीमागच्या हातांना मिळाले होते.