पगार नाकारला, पहारा सोडला नाहीं

जो आपला मान राखीत नाहीं, त्याची चाकरी मनापासून करावी काय? प्रिय वाचकहो, हा प्रश्न पंडितांचा नव्हे. पाटलाच्या ओट्याखालीं उभें राहून ज्यांनीं मजुरी झेलली, त्या आपल्या वाडवडिलांचा तो आहे. अमेरिकेंतील कृष्णवर्णी शिपायांनीं त्यास जें उत्तर दिलें, तें आपण ऐकावें.

तेथें १८६१ पासून १८६५ पर्यंत दास्याच्या प्रश्नावरून यादवी युद्ध झालें. उत्तरेच्या सैन्यांत सुमारें १,८०,००० कृष्णवर्णी लोक शिरले; त्यांतील पुष्कळ जण दास्यांतून नुकतेच सुटलेले. मॅसाच्युसेट्स प्रांताच्या चोपन्नाव्या पलटणीस भरतीच्या वेळीं गोऱ्यांइतक्याच पगाराचें, म्हणजे दरमहा १३ डॉलरांचें, वचन होतें. हातावर मात्र १० ठेवूं लागले, आणि त्यांतूनही ३ कपड्यांबद्दल कापावयाचे. ह्याच पलटणीनें १८ जुलै १८६३ रोजीं वॅग्नर किल्ल्यावर हल्ला केला. निशाण पडतांना पाहून सार्जंट विल्यम कार्नी यानें तें उचललें आणि अनेक जखमा सोसून परत आणिलें. हा मनुष्य फौजेंत येण्यापूर्वीं उपदेशक होण्याच्या विचारांत होता. त्याला शौर्यपदक मिळालें तें १९०० सालीं!

पलटणीनें तो पगार घेतला नाहीं. शस्त्रही टाकलें नाहीं. मॅसाच्युसेट्सच्या कायदेमंडळानें उणी रक्कम भरून देऊं केली, तीही नाकारली. कारण तुम्ही शिपाई नसून मजूर आहां, असा त्या १० डॉलरांचा अर्थ होता, आणि तो अर्थ दुसऱ्याच्या पैशानें पुसला जात नव्हता. असे सुमारें दीड वर्ष गेलें. घरीं बायकामुलांचे हाल झाले.

येथें कोणी म्हणेल, हीच ख्रिस्ती सहनशीलता. मला इतक्या लवकर तसें म्हणवत नाहीं. साउथ कॅरोलायनाच्या तिसऱ्या कृष्णवर्णी पलटणींतील सार्जंट विल्यम वॉकर यानें त्याच अन्यायास्तव आपल्या सोबत्यांसह बंदुका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या तंबूपुढें नेऊन ठेविल्या. बंड ठरवून त्याला २९ फेब्रुवारी १८६४ रोजीं गोळ्या घातल्या. जूनमध्यें काँग्रेसनें समान पगाराचा कायदा केला. म्हणजे त्याचें मागणें खरें होतें. त्याला दोष देण्यास माझी जीभ वळत नाहीं. याकोबाच्या पत्राचा पांचवा अध्याय ज्यानें वाचला आहे, त्याला अडवून ठेविलेल्या मजुरीचा आक्रोश कोठवर पोंचतो हें ठाऊक आहे.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील दास्यविमोचनार्थ झटणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें. त्या मानांत ह्या शिपायांचाही वाटा धरावा, असें मला वाटतें. त्यांच्या देशाला मात्र सैन्यांतील वर्णभेद मोडण्याचा हुकूम काढावयास २६ जुलै १९४८ उजाडावा लागला.

चोपन्नाव्या पलटणीची सहनशीलता मुकी नव्हती, हें विसरूं नये. तिच्यांतील कॉर्पोरल जेम्स गुडिंग यानें सप्टेंबर १८६३ मध्यें थेट राष्ट्राध्यक्ष लिंकन यांस पत्र लिहून विचारलें, आम्ही शिपाई कीं मजूर? पत्र धाडून तो पुन्हा आपल्या कामावर गेला. पुढें लढाईंत तो शत्रूच्या हातीं सांपडला आणि जुलै १८६४ मध्यें अँडरसनव्हिलच्या तुरुंगांत मेला. त्याच्या सोबत्यांस पुरा पगार सप्टेंबरांत मिळाला.