कर्म की कागद?

माझ्या बायकोचा अमेरिकेचा व्हिसा अजून आलेला नाही, आणि तो का आला नाही याबद्दल आमच्या दोन घरांची दोन मतं आहेत. थायलंडमध्ये खोनकेनजवळच्या एका गावात माझ्या सासूबाई राहतात. त्या म्हणतात, हे मागच्या जन्मीचं कर्म. तुम्ही दोघांनी तेव्हा कोणाची तरी ताटातूट केली असेल. ते देणं फिटेपर्यंत थांबावं लागणार. नागपूरला माझी आई हे ऐकते आणि तिचा आवाज चढतो. आमच्या घरात मागच्या जन्माचं नाव काढायचं नाही, असं ती ठणकावून सांगते. दोघीही बौद्ध आहेत. दोघी त्रिशरण-पंचशील म्हणतात, तेही पालीतच. चाल वेगळी असली तरी शब्द एकमेकींना ओळखू येतात. आमच्या वस्तीतल्या विहारातली बुद्धमूर्ती तर थायलंडहूनच आलेली आहे. मी ओहायोतल्या कोलंबसमध्ये बसून दोघींचे फोन घेतो. बायको आईजवळ खोनकेनला आहे, आणि हा वाद तिच्याच आयुष्याबद्दल चालला आहे.

आईची बाजू माझ्या रक्तात आहे. माझे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते. त्याआधीचं त्यांचं सगळं आयुष्य ‘मागच्या जन्मीचं पाप’ या तीन शब्दांखाली गेलं. विहिरीवर पाणी का मिळत नाही? मागच्या जन्मीचं पाप. शाळेत बाहेर का बसायचं? तेच. पाणी नाकारणाऱ्याला त्यामुळे कधी उत्तर द्यावंच लागलं नाही. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. आमच्याकडे वर्षावासाचे तीन महिने विहारात त्याचं वाचन चालतं. लहानपणी सतरंजीवर बसून मी तो ऐकला आहे. कर्माचा नियम बाबासाहेब नाकारत नाहीत. त्याला ते जगाच्या नैतिक व्यवस्थेचा आधार मानतात. पण मागच्या जन्मीच्या कर्मावरून या जन्मीचं दैन्य ठरतं, हे बुद्धाचं म्हणणं असूच शकत नाही, असं ते बजावून सांगतात. आई हेच ऐकत मोठी झाली. आपल्या सुनेच्या वाट पाहण्याला कोणी प्रारब्ध म्हटलं की तिला आजोबांची विहीर दिसते.

सासूबाईंचं कर्म मात्र त्या विहिरीवरचं कर्म नाही, आणि हे मला आईला पटवून द्यायला फार वेळ लागला. सासूबाई कर्माचं बोट कधी परक्याकडे दाखवत नाहीत, आपल्याच घराकडे वळवतात. पहाटे उठून चिकट भात शिजवतात, तो वेताच्या टोपलीत भरून रस्त्याच्या कडेला अनवाणी बसतात आणि ओळीने येणाऱ्या भिक्खूंच्या पात्रांत एक एक गोळा घालतात. सणावाराला देवळाच्या तळ्यात बाजारातून आणलेले जिवंत मासे सोडतात. दान झालं की एक छोटंसं पितळी भांडं घेतात आणि भिक्खूंचं पठण चालू असताना त्यातलं पाणी बारीक धारेने दुसऱ्या वाटीत ओततात. धार तुटू द्यायची नाही. ज्यांचं आपण पूर्वजन्मी काही देणं लागतो त्यांना या दानाचं पुण्य पोचावं, त्यांनी आम्हाला मोकळं करावं, हे मनात म्हणायचं. मग ती वाटी बाहेर नेऊन झाडाच्या मुळाशी रिकामी करायची. बायकोने एकदा हे सगळं फोनवर दाखवलं. आई नागपूरहून बघत होती. काही बोलली नाही, पण नंतर मला म्हणाली, “बाई मनाने चांगली आहे. कारण चुकीचं धरलंय.”

कारण कुठलं, हाच खरा प्रश्न आहे. म्हणून मी कागदांकडे येतो.

बायको लहानपणी सारखी आजारी पडायची. गावच्या भिक्खूंनी सांगितलं, हिच्या नावातली अक्षरं जन्मवाराला धार्जिणी नाहीत, नाव बदला. थायलंडमध्ये यात कुणाला नवल वाटत नाही. जन्माच्या वारानुसार कोणती अक्षरं अशुभ याचे तक्ते असतात, आणि तालुका कचेरीत रीतसर अर्ज देऊन नाव बदलता येतं. नाव बदललं, मुलगी सुधारली. आता तिच्या जन्मदाखल्यावर एक नाव आहे, निळ्या कव्हरच्या घरनोंदणीच्या वहीत आणि पासपोर्टावर दुसरं. मुलाखत बँकॉकला झाली आणि हातात एक पत्र आलं: नावबदलाचा दाखला जोडा. मूळ दाखला सापडेना. तो मिळवायचा तर ज्या कचेरीत नाव बदललं तिथे जायचं, जुनी नोंद शोधायला लावायची, मग इंग्रजी भाषांतर करून घ्यायचं. थाई कागदावर साल बुद्धवर्षात असतं. 2566 म्हणजे आपलं 2023, वजाबाकी 543 ची. एका भाषांतरात ही वजाबाकी चुकली होती आणि बायकोचा जन्म भलत्याच वर्षी पडला. तो कागद परत गेला. तोपर्यंत वैद्यकीय तपासणीची मुदत संपत आली, पोलिसांच्या दाखल्याचंही तेच.

इतकं सरळ दिसणारं कारण समोर असताना मागच्या जन्मात कशाला शिरायचं, असं मी सासूबाईंना बायकोमार्फत विचारलं. त्या म्हणाल्या, नाव का बदलावं लागलं? आजारामुळे. आजार का आला? त्यांच्या साखळीला शेवट नाही, आणि माझीही साखळी त्याच कड्यांची आहे. मी कचेरीशी थांबतो, त्या थांबत नाहीत.

मी कचेरीशी का थांबतो, हे सांगायला हवं. अमेरिकेच्या कायद्यात नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसाची वार्षिक मर्यादाच नाही. म्हणजे आमच्यासाठी कायद्याने रांग आखलेली नाही. रांग आहे ती टेबलांची, माणसांच्या हातांची, एका फाइलवरून दुसरीवर जाणाऱ्या नजरेची. माझ्या ओळखीचे कितीतरी मराठी इंजिनिअर याहून वाईट रांगेत उभे आहेत. नोकरीवरून ग्रीन कार्ड मागणाऱ्यांना 1990 च्या कायद्याने एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा लागू होते, आणि देश मोजला जातो तो जन्माचा. भारतात जन्मलात तर वर्षानुवर्षं थांबा. पासपोर्ट बदला, शिक्षण वाढवा, काही उपयोग नाही. एक वाट मात्र कायद्याने ठेवली आहे: जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्याच्या देशाच्या खात्यात तुमचा क्रमांक लागू शकतो. भारतात जन्मलेल्या माणसाने थायलंडमध्ये जन्मलेल्या बाईशी लग्न केलं, तर ती दशकांची रांग बाजूला पडते. रांग जन्माने ठरते आणि लग्नाने सुटते, हे वाचल्यावर माझ्यासारख्याला झोप येत नाही. आंतरजातीय लग्नाने जात मोडेल, असं बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’मध्ये मांडलं होतं. जन्मावरून लागलेल्या रांगा माणसांनी लावलेल्या असतात. माणसं त्या मोडतातही.

1917 साली अमेरिकेने नकाशावर एक पट्टा आखून आशियातल्या बहुतेक लोकांना दार बंद केलं. विद्यार्थी, व्यापारी असे काही अपवाद सोडले तर भारत आणि सयाम, दोन्ही त्या पट्ट्यात होते. बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात 1913 ते 1916 होते. ते गेल्यावर वर्षभरात हा कायदा आला. देशादेशांत भेदभाव करणारे जुने कोटे 1965 च्या कायद्याने गेले. आज माझी बायको अर्ज करू शकते ती कोणाच्या तरी लढ्यामुळे आणि मतांमुळे. पूर्वजांचं पुण्य फळलं म्हणून नव्हे.

आईने एकदा बायकोला बाबासाहेबांच्या पत्नी रमाई यांची गोष्ट सांगितली. नवरा सातासमुद्रापार शिकतोय, इथे मुंबईत गरिबी, घरात मृत्यू, आणि रमाई टिकून राहिल्या. बायकोने शांतपणे ऐकलं. मला मात्र ते खुपलं, आणि हे मी आईला सांगितलं. रमाईंपुढे माझं डोकं टेकलेलंच आहे. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचं आपलं पुस्तक त्यांच्या स्मृतीला अर्पण केलं, ते उगाच नाही. पण त्यांच्या सोसण्याचा आपण इतका गौरव करतो की वाट पाहणं हाच जणू बाईचा धर्म ठरतो. आषाढी पौर्णिमेला, सारनाथच्या पहिल्या उपदेशाचा दिवस म्हणून, नागपूरला आणि खोनकेनला एकच प्रवचन आठवलं जातं. त्यात जन्म, जरा, मरण यांच्या जोडीला प्रियजनांचा वियोग आहे, आणि तो दुःखाच्या यादीत आहे. सद्गुणांच्या यादीत तथागतांनी तो घातलेला नाही. माझी बायको दुःखात आहे, तपाला बसलेली नाही. दुःखाला दुःख म्हटलं की मगच त्याचं कारण शोधायची गरज वाटते.

सासूबाईंच्या गावचे वयस्कर भिक्खू, ज्यांना बायको लुआंग पो म्हणते, त्यांच्याशी मी फोनवर हे सगळं बोललो. बायको मधे दुभाषी. मी त्यांना सीवक सुत्ताची आठवण करून दिली. संयुत्त निकायात ते आहे, म्हणजे त्यांच्याही त्रिपिटकात आहे. राजगृहात सीवक नावाचा परिव्राजक विचारतो, माणूस जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपलं काय मत? भगवान उत्तर देतात की काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही तिन्ही एकत्र बिघडल्यामुळे, काही ऋतू बदलल्यामुळे, काही वागण्यातल्या हयगयीमुळे, काही मारहाणीमुळे, आणि आठवं कारण कर्मविपाक. सगळंच पूर्वकर्मावर ढकलणारे स्वतःच्या अनुभवापलीकडे आणि जगाने मान्य केलेल्या सत्यापलीकडे जातात. मला वाटलं, इथे वाद संपला.

लुआंग पो हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते म्हणाले, तुम्हाला कारण दिसलं हे चांगलं झालं. पण कर्म म्हटल्यावर या बाईच्या मनात कुणाविषयी राग उरत नाही. तुम्ही टेबलामागचा माणूस शोधलात. त्याच्याविषयी तुमच्या मनात काय आहे?

राग आहे. रात्री दोन वाजता उठून मी फाइलची स्थिती बघतो, आणि तेच वाक्य दिसलं की ज्याला कधी पाहिलं नाही त्या माणसाविषयी मनात जे येतं ते मला कुठल्याही विहारात बोलता येणार नाही. आजोबांची पिढीही रागावलेली होती, आणि त्या रागाने कामं केली. त्याची मला लाज नाही. पण बायकोशी बोलताना माझ्या आवाजात तो उतरतो, आणि आमच्या वाट्याला येणारा दिवसातला एक तास त्यातच जातो.

बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्गा’त चार ब्रह्मविहारांचे दूरचे आणि जवळचे शत्रू सांगितले आहेत. त्यांतल्या उपेक्षेचे, म्हणजे मनाच्या समतोलाचे, दूरचे शत्रू म्हणजे आसक्ती आणि चीड. जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. जवळचा शत्रू घातक, कारण तो गुणासारखाच दिसतो. माझी अडचण मला इथे नीट सापडते. मी चिडीच्या बाजूला आहे. आणि ‘असू दे, कर्म’ असं मी मनापासून म्हणायला लागलो, तर पत्र लिहायचं थांबवेन. सासूबाई थांबत नाहीत, हे मान्य करतो. नावबदलाच्या नोंदीसाठी उन्हातान्हात त्याच कचेरीत बसल्या होत्या. त्यांच्या बाबतीत कर्माने हात बांधले नाहीत. माझ्या आजोबांच्या बाबतीत बांधले होते, कारण ती शिकवण विहिरीचा मालक देत होता. कर्माची गोष्ट कोण कोणाला सांगतंय, यावर तिचं विष अवलंबून असतं, असं आता मला वाटतं. आईला हे अर्धंच पटलं आहे.

खंती, म्हणजे सहन करण्याची ताकद, तिला थेरवादात सर्वांत मोठं तप मानतात. मी तिचा अर्थ असा घेतो की कारणाचा पाठलाग सोडायचा नाही आणि ज्याच्या हातात फाइल आहे त्याचा द्वेष करायचा नाही. हे मला जमत नाही; काही दिवशी जमतं. सासूबाईंनी बायकोला विचारलं की त्या अधिकाऱ्याचं नाव काय, पाणी ओतताना त्यालाही पुण्य द्यायचं आहे. नाव आम्हाला ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, मग नाव न घेता देते.

सीवक सुत्त बायकोने त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, “आठवं कारण तर कर्मच आहे ना?” आहे. मी निरोप पाठवला, आधीची सात तपासून होऊ देत, मग आठव्याचं बघू. भाषांतर दुरुस्त झालं आहे, नावबदलाचा नवा दाखला गेला आहे. काँग्रेसमधल्या आमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला चौकशी करण्याविषयी पत्र लिहिलं; त्यासाठी लागणाऱ्या संमतीपत्रावर या आठवड्यात सही करतो आहे.